इटलीच्या पुस्तकांचं सामुदायिक वाचनालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीची संस्कृती आणि इतिहास यांवरच्या पुस्तकांची देवघेव करणारी छोटी वाचनालयं जगभर आहेत, आणि त्यांतली बरीचशी इटालियन स्थलांतरितांच्या वस्त्यांमधून उभी राहिली. 1876 ते 1976 या शंभर वर्षांत अडीच कोटींहून अधिक माणसं इटली सोडून गेली. न्यूयॉर्क, टोरोंटो, मेलबर्न, ब्वेनोस आयरेस अशा शहरांत त्यांची मंडळं झाली आणि मंडळाच्या खोलीत पुस्तकांचं कपाट आलं. अशा कपाटातून पुस्तक नेणाऱ्या, त्याला पुस्तकं देणाऱ्या किंवा ते सांभाळणाऱ्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. स्वतःच्या गावात असं कपाट सुरू करायचं असेल, तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

मला इटालियन येत नाही. सभासद होऊन काय उपयोग?

पुष्कळ. चांगल्या संग्रहात निदान निम्मी पुस्तकं इंग्रजीत असतात, आणि उरलेल्यांतही चित्रं, नकाशे, छायाचित्रं, पाककृती असं भाषेवाचून कळणारं बरंच असतं. सुरुवात करायची तर डाव्या पानावर मूळ इटालियन आणि उजव्या पानावर अनुवाद असलेली द्विभाषिक आवृत्ती मागा. इटालियन कवी दान्तेच्या 'दिव्हिना कोमेदिया' या महाकाव्याच्या अशा आवृत्त्या सहज मिळतात. त्यात 100 सर्ग आणि 14,233 ओळी आहेत. एकदम घेऊ नका, 34 सर्गांचा 'इन्फेर्नो' हा पहिला खंडच न्या. दिवसाला एक सर्ग वाचला तर पाच आठवडे लागतात, म्हणजे 21 दिवसांच्या मुदतीला एकदा वाढ घेऊन पुरतो.

मराठी माणसाला इटालियन उच्चार जवळचे वाटतील, कारण आपल्या कानाला लागणारे दोन ध्वनी त्या भाषेत आहेत. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च हा फरक आपण बोलताना आपसूक करतो. इटालियनमध्येही दोन्ही आहेत, फक्त ते वेगळ्या अक्षरांनी लिहितात. आपण 'पिझ्झा' म्हणतो त्यातला मूळ उच्चार 'पीत्सा' आहे, म्हणजे जवळजवळ 'चाक'मधला च. जोडव्यंजनाचा ठसकाही आपल्या 'पत्ता', 'सत्तर'सारखाच. तो गाळला तर अर्थ बदलतो : 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा.

पुस्तकं विषयवार न लावता शहरांनुसार आणि प्रांतांनुसार का लावायची?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि संग्रह वापरला जाणार की नुसता पडून राहणार हे याच्याच उत्तरावर ठरतं.

'इटलीचा इतिहास' अशी पाटी लावून सगळी पुस्तकं एका फळीवर ठेवली की वाचक असं गृहीत धरतो की इटली नावाचं एक राज्य पहिल्यापासून होतं. तसं ते नव्हतं. इटलीचं राज्य 17 मार्च 1861 ला जाहीर झालं. तेव्हा राजधानी तुरीन होती, 1865 मध्ये ती फ्लॉरेन्सला गेली आणि 1871 मध्ये रोमला. व्हेनिसचा प्रदेश 1866 मध्ये सामील झाला, रोम 20 सप्टेंबर 1870 ला. त्याआधीची शेकडो वर्षं व्हेनिस हे स्वतंत्र प्रजासत्ताक होतं (ते 12 मे 1797 ला नेपोलियनपुढे संपलं), फ्लॉरेन्सवर आधी प्रजासत्ताक आणि मग मेदिची घराणं, रोमवर पोप, नेपल्स आणि सिसिलीवर आळीपाळीने नॉर्मन, फ्रेंच, स्पॅनिश राजवटी. व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे शत्रू जिनोव्हाचे व्यापारी होते. नेपल्सचा माणूस मिलानला परदेशी होता.

म्हणून फळीवर शहराचं नाव हवं. व्हेनिसच्या फळीवर आरमाराचा इतिहास, काचकामाचं पुस्तक, तिथल्या चित्रकारांची पुस्तकं आणि तिथल्या स्वयंपाकाचं पुस्तक शेजारीशेजारी असलं की मसाल्यांचा व्यापार, चित्रांतले झगमगते रेशमी कपडे आणि मनुका-केशर घातलेली मासळी यांचा धागा वाचकाला आपोआप दिसतो. तीच चार पुस्तकं इतिहास, हस्तकला, कला आणि पाककला अशा चार कपाटांत गेली की धागा तुटतो.

अख्ख्या देशाबद्दलची पुस्तकं (1861 नंतरचं राजकारण, फॅसिस्ट राजवट, 2 जून 1946 चं सार्वमत आणि त्यातून आलेलं प्रजासत्ताक) वेगळ्या फळीवर ठेवा. प्राचीन रोमचीही वेगळी.

मग वर्गांक कोणते द्यायचे?

ड्यूई पद्धतीनेच द्या, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देणाऱ्या, ग्रंथालयांत रूढ असलेल्या वर्गीकरणाने. शहरवार मांडणी तिच्यातच बसते, नवीन काही शोधायला नको. प्राचीन इटली 937. त्यानंतरचा इटलीचा इतिहास 945, आणि दशांशानंतर प्रांत : 945.1 पिएमोंते आणि आसपासचा वायव्य भाग, 945.2 लोंबार्दिया, 945.3 व्हेनेतो, 945.4 एमिलिया-रोमान्या, 945.5 तोस्काना, 945.6 रोमसह मध्य इटली, 945.7 नेपल्ससह दक्षिण, 945.8 सिसिली, 945.9 सार्डिनिया. भाषा 450, साहित्य 850, प्रवास 914.5, कला 709.45, स्वयंपाक 641.5945.

कला आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांना त्यांचा खरा वर्गांक द्या, पण कण्यावर (पुस्तकाच्या बांधलेल्या कडेवर) प्रांताच्या रंगाची पट्टी चिकटवा आणि पुस्तक प्रांताच्या फळीवर ठेवा. तालिकेत, म्हणजे संग्रहाच्या यादीत, वर्गांकाने सापडलं पाहिजे आणि फळीवर रंगाने. नऊ प्रांतगटांना नऊ रंग पुरतात. रंगांची यादी प्रत्येक कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. नाहीतर दोन वर्षांत नवा स्वयंसेवक येतो आणि हिरवा म्हणजे काय हे कोणालाच सांगता येत नाही.

तालिकेत लेखकाचं नाव सापडत नाही. कुठे चुकतंय?

बहुधा तुम्ही चुकीच्या शब्दाखाली शोधताय. नियम काळानुसार बदलतो.

मध्ययुगातले आणि प्रबोधनकाळातले बरेच लोक पहिल्या नावाने ओळखले जातात. दान्ते हा 'दान्ते'खाली, 'अलिग्येरी'खाली नाही. लिओनार्दो 'लिओनार्दो'खालीच, कारण 'दा विंची' म्हणजे 'विंची गावचा', ते आडनाव नाही. मिकेलांजेलोही 'म'मध्ये. मेदिची घराण्यातले लोक मात्र 'मेदिची'खाली.

आधुनिक आडनावांत 'दे', 'दि', 'देल्ला' हे आडनावाचा भाग असतात. एदमोंदो दे आमिचिस 'द'मध्ये मिळेल, 'आ'मध्ये नाही.

दुसरी अडचण शहरांच्या नावांची. इंग्रजी पुस्तकं फ्लॉरेन्स म्हणतात, इटालियन पुस्तकं फिरेंझे. व्हेनिस म्हणजे व्हेनेत्सिया, नेपल्स म्हणजे नापोली, मांतुआ म्हणजे मांतोव्हा, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकातलं 'लेगहॉर्न' म्हणजे लिव्होर्नो हे बंदर. चित्रकार तित्सियानोला इंग्रजीत टिशन म्हणतात. यांच्यासाठी 'पाहा' नोंदी करून ठेवाव्यात : 'लेगहॉर्न : लिव्होर्नो पाहा'. अशा चाळीसेक नोंदींत बहुतेक गोंधळ मिटतो. देवनागरीत तालिका करत असाल तर नाव इटालियन उच्चाराप्रमाणे लिहा आणि त्याच ओळीत रोमन लिपीतलं मूळ नावही ठेवा. नुसत्या देवनागरीवर पुस्तक पुन्हा मागवता येत नाही.

पुस्तकाचं साल कसं ओळखायचं?

शीर्षकपान पाहा, मग अगदी शेवटचं पान. इटालियन पुस्तकांत छपाई कधी आणि कुठे पूर्ण झाली हे बहुधा शेवटी असतं. तिथे 'फिनितो दि स्तांपारे' या शब्दांनी सुरू होणारी ओळ शोधा. महिनासुद्धा मिळतो.

1920 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1943 पर्यंतच्या पुस्तकांवर सालानंतर रोमन आकडा दिसतो, उदाहरणार्थ 1938 आणि पुढे रोमन सोळा. तो फॅसिस्ट राजवटीचा शक आहे, 1922 च्या ऑक्टोबरअखेरीस मुसोलिनी सत्तेवर आला तिथपासून मोजलेला. नुसता रोमन आकडाच असेल तर त्यात 1922 मिळवा. पुस्तक नोव्हेंबर-डिसेंबरमधलं असेल तर 1921 मिळवा.

साल अजिबात नसेल तर किंमत पाहा. लिरा (इटलीचं जुनं चलन) आणि युरो अशा दोन्ही किमती छापलेल्या असतील तर पुस्तक युरोच्या नोटा येण्याच्या सुमाराचं, म्हणजे 1999 ते 2002 च्या आसपासचं. (1 युरो म्हणजे 1,936.27 लिरा असा दर ठरला होता.) इटलीच्या पुस्तकांचा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) 978-88 ने सुरू होतो, नव्यांचा 979-12 नेही.

पुस्तकाच्या आतल्या सालांबद्दलही एक सूचना. 'क्वात्रोचेंतो' म्हणजे शब्दशः 'चारशे', पण अर्थ 1400 ते 1499, म्हणजे पंधरावं शतक. चौदावं नव्हे. शिवाय फ्लॉरेन्समध्ये जुन्या काळी वर्ष 25 मार्चला बदलायचं आणि व्हेनिसमध्ये 1 मार्चला. फ्लॉरेन्सच्या कागदपत्रात फेब्रुवारी 1478 असेल तर आपल्या हिशोबाने तो 1479. दोन पुस्तकांत एकाच घटनेचं साल एकाने मागेपुढे दिसलं तर छपाईची चूक समजून पेन्सिलीने दुरुस्त करू नका. नववर्ष गुढीपाडव्याला की दिवाळीच्या पाडव्याला हा फरक ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजायला जड जाणार नाही.

कण्यावरचं नाव उलटं आहे, अनुक्रमणिका नाही, पानं एकमेकांना जोडलेली आहेत. पुस्तक सदोष आहे का?

नाही. इटलीत कण्यावरचं नाव साधारणपणे खालून वर वाचायचं असतं, इंग्रजी पुस्तकांत वरून खाली. पुस्तक उलटं ठेवून 'सरळ' करू नका. अनुक्रमणिकेला 'इंदिचे' म्हणतात आणि ती बहुधा शेवटी असते. जोडलेली पानं म्हणजे न कापलेल्या घड्या. जुनी पुस्तकं तशीच विकली जात. बोटाने किंवा पट्टीने फाडू नका. बोथट कागदकापणीची सुरी घडीच्या आत सपाट धरून, छोटे छोटे झटके देत कापा. पुस्तक 1900 च्या आधीचं असेल तर मुळीच कापू नका, न कापलेली प्रत ग्रंथपालाच्या हाती द्या.

एका वेळी किती पुस्तकं आणि किती दिवस?

आम्ही सुचवतो ते प्रमाण असं : तीन पुस्तकं, 21 दिवस, एकदा 21 दिवसांची मुदतवाढ. परक्या भाषेतलं किंवा द्विभाषिक पुस्तक असेल तर मुदतवाढ दोनदा. इटालियन शिकणारा माणूस मातृभाषेतल्या वाचनाच्या तिप्पट वेळ घेतो, आणि त्याला दोन आठवड्यांची मुदत दिली तर तो पुस्तक अर्धवट परत करतो आणि पुन्हा येत नाही. तिन्हींपैकी एकच पुस्तक मोठं कलापुस्तक असावं.

शब्दकोश, नकाशासंग्रह आणि 1900 पूर्वीची पुस्तकं वाचनालयातच बसून वाचायची. इटलीतल्या चेझेना गावात 1454 मध्ये उघडलेलं मालातेस्तियाना ग्रंथालय आजही तसंच उभं आहे, आणि तिथली हस्तलिखितं मेजांना लोखंडी साखळ्यांनी बांधलेली आहेत. पुस्तक सगळ्यांना वाचता यावं पण जागेवरून हलू नये, यासाठी ती सोय होती.

अनामत रक्कम किती घ्यावी?

नव्या पुस्तकाच्या सरासरी किमतीच्या निम्मी. मोठ्या कलापुस्तकासाठी वेगळी अनामत नको, त्याऐवजी ते दुसऱ्या भेटीपासून द्या. दंडापेक्षा आठवणीचा संदेश चांगला : मुदतीच्या तीन दिवस आधी एक, आणि मुदत संपल्यावर सातव्या दिवशी एक.

कलापुस्तक नेताना काय काळजी घ्यायची?

वजन दोन ते चार किलो असतं. ते आडवं धरून न्या, उभं धरून पिशवीत टाकलं तर आतली पानं बांधणीपासून लोंबतात आणि शिवण सुटते. वाचताना मेजावर दोन्ही बाजूंना उशी किंवा दुसरं पुस्तक ठेवा, म्हणजे कणा 180 अंशांपर्यंत उघडणार नाही. फळीवरही 35 सें.मी.पेक्षा उंच पुस्तकं आडवीच, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत.

पावसात जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. कलापुस्तकाचा चकचकीत कागद पांढऱ्या मातीच्या लेपाचा असतो. तो भिजला की लेप विरघळतो, आणि वाळताना पानं एकमेकांना अशी चिकटतात की नंतर काही केलं तरी सुटत नाहीत.

पुस्तक भिजलं. आता?

आधी वाचनालयाला कळवा, उशीर करू नका. मग कागद पाहा.

साधा कागद असेल आणि पुस्तक नुसतं ओलसर असेल तर ते उभं करून पानं पंख्यासारखी थोडी उघडा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, पण वारा थेट अंगावर नको. जास्त भिजलं असेल तर साधारण दर वीस पानांत टिपकागद घाला आणि तीनचार तासांनी बदला. सगळ्या पानांत एकदम घालू नका, कण्यावर ताण येऊन बांधणी फुगते. ऊन, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांपैकी काहीही वापरू नका, कागद सुरकुततो.

चकचकीत कागद असेल तर थांबायला वेळ नाही. ओलं असतानाच प्रत्येक दोन पानांमध्ये चिकट न होणारा कागद घाला. स्वयंपाकघरातला बटर पेपर चालतो. तेवढा वेळ नसेल तर पुस्तक बंद असतानाच प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे वाळवायचं काम पुढे ढकलता येतं. कुठलंही पुस्तक 48 तासांत वाळणार नाही असं दिसलं तरी हाच उपाय, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते.

भिजलेल्या पुस्तकांबद्दल जगाला जे कळलं त्यातलं बरंचसं फ्लॉरेन्समध्ये कळलं. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीचा पूर शहरात शिरला, आणि नदीकाठच्या राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयातली लाखो पुस्तकं आणि वर्तमानपत्रं चिखलात बुडाली. देशोदेशींचे तरुण येऊन साखळी करून हातोहात ती बाहेर काढत राहिले. लोक त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणू लागले. पुस्तकं तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांमध्येही वाळवली गेली. पुस्तकं जतन करण्याचं आजचं शास्त्र त्या कामातून पुष्कळ पुढे गेलं.

कसर आणि बुरशीचं काय?

देणगीत आलेलं पुस्तक थेट फळीवर कधीही ठेवू नका. दोन आठवडे वेगळ्या बंद खोक्यात ठेवा आणि खाली पांढरा कागद अंथरा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर आत किडा आहे. मग पुस्तक हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. घाईने उघडली तर थंड पानांवर दव धरतं. डांबरगोळ्या नकोत, वास कागदात मुरतो आणि वाचकाला त्रास होतो.

बुरशीसाठी हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवावी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे अवघड आहे. तिथे कपाट बाहेरच्या भिंतीपासून दहा सें.मी. पुढे ओढा, मागे पुठ्ठा लावू नका, आणि फळ्या गच्च भरू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही. पाचसात वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ जपानी कागदाची पट्टी, वर वजन, रात्रभर.

देणगी म्हणून कोणती पुस्तकं घ्याल?

आनंदाने : प्रांतांचे आणि गावांचे इतिहास, स्थानिक सणांची पुस्तकं, बोलीभाषांचे कोश, संग्रहालयांच्या सूच्या, स्थलांतरितांच्या आठवणी. छोट्या गावाच्या नगरपालिकेने छापलेली चाळीस पानी पुस्तिका एखाद्या महागड्या कलापुस्तकापेक्षा मोलाची असते, कारण ती दुसरीकडे मिळत नाही.

नको : विश्वकोशाचे सुटे खंड, पंधरा वर्षांपूर्वीच्या हॉटेल-मार्गदर्शिका, एकाच लोकप्रिय पुस्तकाची चौथी प्रत.

पुस्तकांत ठेवलेल्या वस्तूंकडे लक्ष द्या. आजी-आजोबा गेल्यावर घरातून येणाऱ्या पुस्तकांत पत्रं, संतांच्या चित्रांची छोटी प्रार्थनापत्रं, जहाजाची तिकिटं, लिराच्या नोटा सापडतात. ती वस्तू काढून टाकण्याआधी कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानात होती ते दाखल नोंदवहीत लिहा, मग कुटुंबाला कळवा. त्यांना नको असेल तर आम्लमुक्त पाकिटात घालून त्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहा. पुस्तकातच परत ठेवू नका, वर्तमानपत्राच्या कात्रणाने दोन्ही पानांवर तपकिरी सावली पडते. पत्र वाचून दाखवायला किंवा त्याचा फोटो लावायला कुटुंबाची परवानगी घ्या.

फॅसिस्ट काळातली प्रचारपुस्तकं ठेवायची का?

ठेवायची, आणि ती कशी ठेवायची यावर वेळ घालवायचा. स्थलांतरितांच्या जुन्या घरांतून अशी पुस्तकं येतातच : मुलांची क्रमिक पुस्तकं, युवक संघटनेची पुस्तिका, आफ्रिकेतल्या मोहिमांची गौरवगाथा. 1930 पासून प्राथमिक शाळांसाठी सरकारने एकच क्रमिक पुस्तक सक्तीचं केलं. त्या पुस्तकांतली गणितंसुद्धा वाचली की राजवट मुलांच्या मनात कशी शिरत होती ते कळतं. ती जाळली किंवा रद्दीत घातली तर हे दाखवायला आपल्याकडे काही उरत नाही.

पण उघड्या फळीवर, बाकीच्या पुस्तकांत मिसळून नकोत. बंद कपाटात ठेवा, मागितल्यावर द्या, आणि आतल्या पानावर सुटी चिठ्ठी ठेवा : छपाईचं साल, कोणी छापलं, कोणासाठी छापलं. चिठ्ठीत मत लिहू नका, वस्तुस्थिती पुरेशी बोलते. त्याच फळीवर 1938 च्या वंशभेदी कायद्यांवरचं आणि प्रतिकार चळवळीवरचं एकेक चांगलं पुस्तक ठेवा, म्हणजे मागणाऱ्याच्या हाती तिन्ही एकत्र जातील. ज्यू लेखकांची क्रमिक पुस्तकं त्या कायद्यांनी शाळांतून काढून टाकली. 1938 पूर्वीचं असं एखादं पुस्तक संग्रहात आलं तर ते जपा.

बोलीभाषांची वेगळी फळी कशाला? सगळं इटालियनच ना?

सगळं इटालियन नाही. 1861 मध्ये देश एक झाला तेव्हा प्रमाण इटालियन बोलू शकणारे लोक एका अंदाजाने अडीच टक्के होते, दुसऱ्या अंदाजाने दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचे व्हेनिसची, नेपल्सची, सिसिलीची, पिएमोंतेची भाषा बोलत. स्थलांतरितांच्या घरांत टिकली ती हीच. म्हणून तिसऱ्या पिढीतला एखादा वाचक 'आजी बोलायची ते' शोधत येतो आणि इटालियन शब्दकोशात त्याला ते सापडत नाही. त्याला आधी विचारा, आजी कोणत्या गावची? मग त्या प्रांताच्या बोलीचा कोश द्या.

स्वयंपाकाच्या पुस्तकातली मापं कळत नाहीत.

पेल्लेग्रिनो आर्तुझीचं 1891 मधलं पाककृतींचं पुस्तक वाचकांना नेहमी हवं असतं. पहिल्या आवृत्तीत 475 पाककृती होत्या आणि त्याने ती स्वतःच्या खर्चाने छापली. पुढे त्या 790 झाल्या. घराघरांतून बायका पत्रांनी पाककृती आणि दुरुस्त्या पाठवत राहिल्या आणि पुस्तक वाढत गेलं.

मापांपुरतं : 'एत्तो' म्हणजे 100 ग्रॅम. 'क्यू. बी.' ही अक्षरं 'क्वांतो बास्ता'ची, म्हणजे 'पुरेल इतकं', आपलं 'चवीपुरतं'. पिठावरचे शून्याचे आकडे ते किती बारीक आणि पांढरं आहे ते सांगतात : दोन शून्यं म्हणजे सगळ्यांत शुभ्र, मैद्याच्या जवळ जाणारं. 'सेमोला' म्हणजे कडक गव्हाचा रवा. तो दक्षिणेत अंडी न घालता नुसत्या पाण्यात भिजवून पास्ता करायला वापरतात. उत्तरेची, विशेषतः एमिलियाची रीत मऊ गव्हाचं पीठ आणि अंडी, साधारण 100 ग्रॅमला एक. पुस्तक कोणत्या प्रांताचं आहे ते न पाहता पीठ वापरलं की पास्ता फुटतो किंवा लगदा होतो.

वाचकांना एक विनंती : पुस्तक ओट्यावर उघडं ठेवू नका. पानाचा फोटो काढा आणि त्यावरून करा.

लहान मुलांसाठी काय आहे?

'पिनोक्यो' मूळ रूपात द्या, पण आधी स्वतः वाचा. ती गोष्ट 1881 पासून मुलांच्या साप्ताहिकात हप्त्यांनी आली आणि 1883 मध्ये पुस्तक झालं. पंधराव्या प्रकरणात पिनोक्योला झाडाला टांगतात आणि लेखकाने गोष्ट तिथेच संपवली होती. वाचकांच्या आग्रहाने ती पुढे गेली. चित्रपट पाहून आलेल्या मुलाला हा धक्का बसू शकतो. आठ वर्षांच्या पुढे चालेल.

महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी संबंध असलेलं काही मिळेल?

मिळेल, आणि या विषयाने अर्धी फळी सहज भरते.

फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1583 मध्ये कोचीनला आला आणि 1588 मध्ये गोव्यात वारला. त्याने घरी पाठवलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्द सारखे असल्याचं नोंदवलं आहे : देव आणि 'दिओ', सर्प आणि 'सेर्पे', आणि सहा ते नऊ हे आकडे. 'सेइ, सेत्ते, ओत्तो, नोव्हे' मोठ्याने म्हणून पाहा. संस्कृत आणि युरोपीय भाषांचं नातं जगापुढे मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधीचं हे निरीक्षण आहे.

व्हेनिसचा निक्कोलाव मनुच्ची मिर्झाराजे जयसिंगाच्या तोफखान्यात होता आणि 1665 मध्ये छावणीत शिवाजी महाराजांशी बोलणं झाल्याचं त्याने आपल्या वृत्तांतात लिहिलं आहे. मनुच्ची ऐकीव गोष्टीही खऱ्यासारख्या सांगतो, म्हणून टिपा असलेलीच आवृत्ती न्या. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमधलं सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचं संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीचं. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने ते पाठवलं आणि 1698 मध्ये गोव्यात बसवलं गेलं.

इटलीच्या एकीकरणासाठी झटलेल्या मॅझिनीच्या आत्मचरित्राचा सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद 1907 मध्ये निघाला आणि ब्रिटिश सरकारने तो जप्त केला. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी मराठी घरांत कसे पोचले, हे ज्याला शोधायचं आहे त्याने 1861 च्या फळीपासून सुरुवात करावी.

आणि दुसरं महायुद्ध. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून मागे आणलं. दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. उंब्रियातल्या मोंतोने गावात 2023 मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. इटलीतल्या मोहिमेच्या इतिहासाला मराठी वाचकांनी हात घालावा असं आम्हाला मनापासून वाटतं. उंब्रिया आणि एमिलिया-रोमान्याच्या स्थानिक इतिहासांत भारतीय सैनिकांची पानं असतात, नुसती सूची पाहून पुस्तक परत ठेवू नका.

हवं ते पुस्तक इथे नाही. कुठे शोधू?

इटलीतल्या ग्रंथालयांची एकत्रित तालिका 'ओपॅक एसबीएन' इंटरनेटवर विनामूल्य आहे. आधी तिथून नेमकं नाव, साल आणि प्रकाशक उतरवून घ्या. अर्ध्याहून अधिक वेळा वाचकाकडे नाव चुकीचं असतं.

प्रकरणाची झेरॉक्स मिळेल का?

अभ्यासापुरती काही पानं, हो. पूर्ण पुस्तक नाही. इटलीत लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं स्वामित्वहक्क राहतो, भारतात 60 वर्षं. मूळ पुस्तक मुक्त असलं तरी अनुवाद, टिपा आणि प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असतात. 1900 पूर्वीच्या पुस्तकाची झेरॉक्स करत नाही, काचेवर दाबल्याने कणा मोडतो. वरून फोटो काढा, फ्लॅशशिवाय.

पुस्तक हरवलं तर?

तेच पुस्तक आणून द्या. मिळत नसेल तर त्याच प्रांताचं, साधारण तेवढ्याच किमतीचं दुसरं, ग्रंथपालाला विचारून. पैसे शेवटचा पर्याय, कारण पैशांनी फळीवरची ती जागा भरेलच असं नाही.

आम्हाला स्वतःच सुरू करायचं आहे. किती पुस्तकं लागतील?

दीडशे. नऊ प्रांतगटांना प्रत्येकी दहा, देशाच्या इतिहासाला वीस, प्राचीन रोमला दहा, भाषा आणि कोशांना दहा, साहित्याला वीस. रोम आणि फ्लॉरेन्सची पुस्तकं आपोआप येतात, दहावर थांबा. सार्डिनिया आणि एमिलियाची मुद्दाम शोधावी लागतात. एक मीटर फळीवर साधारण चाळीस पुस्तकं मावतात, म्हणजे चार मीटर फळी पुरे, पण सहा मीटरची सोय करा. फळी 80 सें.मी.पेक्षा लांब नको, कलापुस्तकांच्या वजनाने मधे वाकते.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी तयार हव्यात : दाखल नोंदवही, प्रत्येक पुस्तकात तारीखपट्टी, आणि भिंतीवर इटलीचा मोठा नकाशा. नकाशावर प्रांतांना फळीवरच्या पट्ट्यांचेच रंग द्या.